लंकेला जाण्याआधीचा सत्कार

नागपुरात माणूस परदेशी निघाला की त्याचा सत्कार होतो. परत आल्यावरही होतो, पण जाण्याआधीचा अधिक थाटाचा. तेव्हा सत्कारमूर्तीजवळ सांगण्यासारखं काहीच नसतं आणि वक्त्यांना मोकळं रान मिळतं. असे सत्कार मी पुष्कळ सोसले होते. आपला होऊ द्यायचा नाही, एवढं ठरवून ठेवलं होतं.

आम्हाला जायचं होतं श्रीलंकेला. देशाचं नाव बदलून दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्या गल्लीत तो सिलोनच होता, तोही रेडिओवरच्या गाण्यांपुरता. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. बायको मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. चौदा वर्षं ती फळ्यावर भारताच्या खाली तो थेंब काढत आली होती. एकदा वह्या तपासता तपासता म्हणाली, "बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी, असं मी मुलींना सांगते. पाण्याची एक बाजूसुद्धा मी अजून पाहिली नाही."

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयातलं एक जुनं गॅझेटिअर घरी आणलं. मद्रासपर्यंत आगगाडी, तिथून रामेश्वर, मग बोट. पुढे चहाच्या मळ्यांतून वर चढणारी गाडी, उंचावरचं गवताळ पठार, त्याच्या टोकाशी एकदम तुटलेला कडा, आणि शेवटी, माथ्यावर बुद्धाचं पाऊल उमटलंय म्हणतात तो श्रीपादाचा डोंगर. तो चढायचा तर हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत. एरवी पाऊस आणि ढग. आम्ही फेब्रुवारी धरला. तिथल्या वनखात्याला मी पत्र लिहिलं आणि आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. टाइप केलेल्या पानात निम्मा मजकूर जळवांविषयी होता: पायांना साबण चोळा, मीठ जवळ ठेवा.

सरावाचा प्रश्न होता. नागपूर सपाट. सेमिनरी हिल्स आहेत, पण त्यांना हिल्स म्हणणारा साहेब बहुधा फार लठ्ठ असावा. म्हणून आम्ही रविवारी रामटेकला जायचो. पाठीवरच्या पिशव्यांत वजनासाठी शब्दकोशाचा एकेक खंड. बायको पाचवारी साडी, खाली कॅनव्हासचे बूट अशा वेषात पायऱ्या चढायची. तिसऱ्या रविवारी एका वानराने माझी पिशवी ओढली, आत खंड पाहिला आणि तोंड फिरवून निघून गेलं. लंकेला निघालेल्या माणसाला वानरांकडून जरा आस्थेची अपेक्षा होती.

पासपोर्ट आले, माझी रजा मिळाली. तिची अडली. तिच्या संस्थेचे अध्यक्ष रामदासपेठेत राहणारे निवृत्त वकील होते. त्यांनी अर्जावर लिहिलं, "परीक्षेच्या तोंडावर सहलीसाठी रजा देता येत नाही." दोनदा अर्ज केला, दोनदा तोच शेरा. तिने भांडण केलं नाही, चिडचिड केली नाही. फक्त पुढच्या रविवारी बूट घातले नाहीत. ते पाहून मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात शेजारचे काका आले. गांधीबागेत त्यांचं कापडाचं ठोक दुकान होतं आणि गल्लीतलं सत्कारमंडळ त्यांच्याच जिवावर चालायचं.

"काहून गा मास्तर, लंकेत जाऊन राहिले म्हणे? अन् आमाले पत्ताच नाही!"

ग्रंथपाल आणि मास्तर यांतला फरक मी त्यांना बारा वर्षं समजावत होतो. "अजून नक्की नाही," मी म्हणालो.

"जळवा लागतेत म्हणे तिकडं?"

"लागतात."

"पैसे देऊन जळवा लावून घ्याले जाता? वा रे वा! पण ते जाऊ द्या. सत्कार तं कराच लागते."

"काका, सत्कार नको."

"करा," आतून बायकोचा आवाज आला. ती चहा घेऊन बाहेर आली. "करा काका. फक्त अध्यक्ष म्हणून आमच्या संस्थेच्या साहेबांना बोलवा."

काका गेल्यावर मी उसळलो. "अगं, ज्यांनी रजा नाकारली त्यांच्या हातचा नारळ घ्यायचा?"

"अहो, रजा ते नाकारतात. अध्यक्षपद नाकारताना मी त्यांना कधी पाहिलं नाही."

सत्कार झाला. गल्लीत मांडव, माईक, दोन वार्ताहर, आणि माझ्या डोक्यावर फेटा. फेट्यामुळे मला अर्धंच ऐकू येत होतं, ही त्यातली सोय. तीन वक्त्यांनी रामसेतू बांधला. चौथ्याने रावणाच्या विद्वत्तेवर बोलून माझ्याकडे का पाहिलं, ते कळलं नाही. मग अध्यक्ष उठले. किती अर्ज नाकारले ते त्यांना आठवत नसावं; आठवत असलं तरी समोर दीडशे माणसं होती.

"मारुतीरायानंतर समुद्र ओलांडण्याचा मान आज आपल्या संस्थेला मिळतो आहे!" ते गरजले. "जा, बाई, जा! संस्था तुमच्या पाठीशी आहे!"

काका तीरासारखे माईकशी पोचले. "देल्ली! साहेबांनी सुट्टी देल्ली, सर्वांच्या समोर देल्ली! टाळ्या वाजवा गा!"

टाळ्या पडल्या. अध्यक्ष क्षणभर गोंधळलेले दिसले. त्यांनी काकांकडे पाहिलं, वार्ताहरांच्या पेन्सिलींकडे पाहिलं, आणि हात जोडून टाळ्या स्वीकारल्या. मांडवात पुढे बसलेल्या, बायकोच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी रुमाल तोंडाला लावला.

घरी आल्यावर मी विचारलं, "काकांना हे तू शिकवलंस?"

"मी अर्जाची गोष्ट तेवढी सांगितली. दारापर्यंत आलेलं गिऱ्हाईक कसं थांबवायचं, ते गांधीबागेतल्या माणसाला मी काय शिकवणार?"

आयुष्यभर मी समारंभांची टवाळी करत आलो. त्या रात्री फेटा सोडताना माझा आवाज जरा खाली आला होता, हे कबूल करायला हवं.

सोमवारी तिचा अर्ज परत आला. "सहल" शब्द खोडला होता. खाली नवा शेरा: "अभ्यासदौरा म्हणून मान्य. परतल्यावर मुलींना माहिती द्यावी."

तिने तो दोनदा वाचला, घडी करून पासपोर्टात ठेवला आणि आमच्या प्रवासाचा कागद पुढे ओढला. कोलंबोत मी दोन दिवस वस्तुसंग्रहालयासाठी राखले होते. तिने ते सरळ खोडले आणि पठाराच्या नावापुढे लिहिले.

"अगं, तिथे फार जुनी हस्तलिखितं आहेत," मी म्हणालो.

"असू द्या. मी आता कामावर आहे. कामावरच्या माणसाने कपाटं बघत फिरू नये."

संध्याकाळभर ती टेबलाशी बसून डोंगरावरचे मुक्काम मागेपुढे करत होती आणि मधेच स्वतःशीच गुणगुणत होती. मी उठून दोघांसाठी चहा टाकला.