चालताना घटणारे ठोके

या सदरातले अनुभव मी गेली काही वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची गाडी ठरावीक वळणावरच बंद पडते... वाचायचं, हसायचं आणि झोपी जायचं. मी पवनीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. घरात देवपूजा करते, पण लिंबू-मिरची दाराला लावू देत नाही. त्यामुळे मी स्वतः इथे काही लिहीन असं मला कुणी सांगितलं असतं, तर त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी रोज भराभर चालायला सांगितलं. ह्यांनी लगेच एक स्मार्टवॉच आणून दिलं. फार महागातलं नाही, पण नावाजलेल्या कंपनीचं. आमचं घर पवनीच्या थोडं बाहेर आहे. घरामागे शेतं आणि शेतांपलीकडे गोसीखुर्दचा कालवा. आमच्याकडे सगळे त्याला नहर म्हणतात. नहराच्या काठाने मुरमाचा सरळ रस्ता आहे, सकाळी वर्दळ नसते. चालायला याहून चांगली जागा नाही.

सोबतीला माझी थोरली जाऊ, शोभाताई. माझे भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, शेती बघतात. आमची घरं एकाच आवारात आहेत. ताई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. अंगापिंडाने दणकट, अजूनही धानाच्या रोवणीला बायांच्या ओळीत उभ्या राहणाऱ्या. त्यांना शुगर निघाली होती, म्हणून मीच आग्रह धरला.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "जनमभर धानाच्या बांधीत वाकून राहिली, आतं फुकटचं चालाले कायले लावतं वं मले?"

पण आल्या. मग रोज येऊ लागल्या. त्यांच्या मुलीचं, पूजाचं, लग्न ठरलं होतं. त्यामुळे बोलायला विषयांची कमी नव्हती.

आता घड्याळाचं. एकटी चालले की त्यावर माझे ठोके एकशे वीस, एकशे तीस असे दिसायचे. माझ्या वयाला आणि वजनाला ते योग्यच. पण एके दिवशी चालता चालता सहज बघितलं, तर बेचाळीस! मी धापा टाकते आहे, कपाळावर घाम आणि घड्याळ म्हणतंय बेचाळीस. थोड्या वेळाने ते मनगटावर थरथरलं... ठोके फार कमी आहेत अशी सूचना.

मी मुळीच घाबरले नाही. ही घड्याळं कशी चालतात ते मला माहीत आहे. खालून हिरवा प्रकाश कातडीवर पडतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला, हात जोरात हलत असला, थंडीने मनगटातलं रक्त कमी झालं की गणित चुकतं. कधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं. व्यायाम करताना हे आकडे भरवशाचे नसतात, हे मी वर्गातसुद्धा सांगितलेलं आहे.

म्हणून मी पट्टा घट्ट केला. दुसऱ्या दिवशी घड्याळ जरा वर, मनगटाच्या हाडापासून दूर बांधलं. खालची काच पुसली, बंद करून पुन्हा सुरू केलं, अपडेट केलं. तरी तेच... एक्केचाळीस, चाळीस, बेचाळीस. मानेवर बोट ठेवून मी स्वतः नाडी मोजली तर एकशे सव्वीस.

"काय पाह्यतं वं त्या घडीत घडीघडी?" ताई विचारायच्या.

"ताई, हे म्हणतंय मी अर्धी मेले आहे."

"फेकून दे मंग. मरणाचं बोलनारी वस्तू घरात ठेवू नये."

आम्ही दोघी हसलो. हसताना त्या थांबल्या होत्या, नहराच्या काठावरच्या खांबाला हात टेकून. मला वाटलं, हसू आवरत नाही म्हणून थांबल्या.

भंडाऱ्याला काही कामाने गेले तेव्हा सर्व्हिस सेंटरला घड्याळ दाखवलं. तिथल्या मुलीने स्वतःच्या हाताला बांधलं, जिना चढून-उतरून आली. आकडा बरोबर. कॉलेजमधल्या आमच्या मराठीच्या मॅडमनी दोन दिवस वापरलं. बरोबर. मी कॉलेजच्या मैदानावर फेऱ्या मारल्या. तरीही बरोबर!

मग ताई शहापूरला बहिणीकडे गेल्या. लग्नाच्या साड्या आणि मानपानाचं ठरवायचं होतं, त्या निमित्ताने आठवडाभर राहिल्या. त्या आठवड्यात मी नहरावर एकटीच चालत होते आणि घड्याळ एकदम शहाण्यासारखं वागत होतं. मला वाटलं, अपडेटने काम केलं.

ताई परत आल्या. पहिल्याच सकाळी आम्ही नहरावर चढलो आणि थोडं चालल्यावर घड्याळ थरथरलं. एकोणचाळीस.

तोवर माझ्या डोक्यात काहीच आलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. फक्त एवढंच मनात आलं की ताई सोबत असल्या की हे बिघडतं, गंमत आहे! त्यांच्या हातात जाड पाटल्या होत्या. मी त्यांना पाटल्या काढून यायला सांगितलं, कदाचित धातूचा काही परिणाम असेल म्हणून. खरं तर त्याला काही शास्त्रीय अर्थ नव्हता. दुसरं काही सुचत नव्हतं, इतकंच.

त्या म्हणाल्या, "लेकीचं लगन तोंडावर अन् मी लंकेची पार्वती होऊन फिरू? नोको सांगू."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ते घडलं. धान चुरून, म्हणजे मळून, झालं होतं. बांध्यांमध्ये लाखोरीच्या डाळीचं पीक हिरवंगार उभं होतं, ऊन नुकतंच वर आलेलं. पूजाच्या सासरच्यांनी बँडबाजा नको असं कळवलं होतं आणि ताई त्यावर तावातावाने बोलत होत्या. मी दोन पावलं पुढे होते. बोलता बोलता त्यांचा आवाज थांबला. मला वाटलं, दम खात असतील. मी घड्याळात पाहिलं. छत्तीस. बघता बघता एकतीस. मग आकडाच गेला. त्या जागी दोन आडव्या रेघा आल्या.

मी मागे वळले. ताई नहराच्या काठावर बसल्या होत्या. बसल्या म्हणजे... कोसळता कोसळता बसल्या असाव्यात. एक चप्पल पायातून निघून बाजूला पडली होती. चेहरा राखेसारखा. पाणी तिथून हाताच्या अंतरावर होतं.

मी धावत जाऊन त्यांना धरलं आणि मागे ओढलं.

"ताई! ताई, काय होतंय?"

त्यांनी डोळे उघडले. "काही नाही वं. अंधारी आली होती. येते अशी... जाते मंग."

"येते म्हणजे? आधी कधी आली होती?"

त्या पायाने चप्पल शोधू लागल्या. मी त्यांचं मनगट हातात घेतलं. नाडी लागेना. मग लागली. एक ठोका... मग इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं, बोट सरकलं. मग दुसरा ठोका. माझी नजर समोरच माझ्या घड्याळावर होती. आकडा परत आला होता. चौतीस. मी सेकंद बघत त्यांचे ठोके मोजले. पुन्हा मोजले. चौतीसच.

माझं स्वतःचं काळीज त्या वेळी कानांत वाजत होतं.

मी घड्याळ काढून त्यांच्या मनगटाला बांधलं. चौतीस. काढून परत माझ्या मनगटाला बांधलं. तरी चौतीस. आजवरच्या शिकण्या-शिकवण्यात मला असं वाटलं नव्हतं, जसं त्या क्षणी वाटलं. भीती म्हणता येणार नाही. एखादं गणित नीट सोडवावं आणि उत्तर पाहून पेनच खाली ठेवावा, तसं काहीतरी.

"ताई, आपण आत्ता डॉक्टरांकडे जायचं."

"पूजाचं लगन होऊन जाऊ दे. मंग जाऊ. तुले तुह्या भासऱ्याची शपथ, घरी काही सांगू नोको. आतं दवाखाना काढला तं लोक म्हणतील, पोरगी पांढऱ्या पायाची..."

"लोक काय म्हणायचं ते म्हणतील. कन्यादानाला तुम्ही नसाल तर काय म्हणतील ते बोला."

हे मी फार कठोरपणे बोलले. त्या रडायलाच लागल्या. मग कळलं, दिवाळीपासून हे चालू होतं. चुलीपुढे अंधारी यायची, विहिरीवर यायची. एकदा धानाच्या पुंजण्यामागे, रचलेल्या गंजीच्या आडोशाला, त्या बराच वेळ पडून होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. त्या सगळ्यांना उन्हाची, उपासाची कारणं सांगत होत्या.

मी ह्यांना फोन केला, ते गाडी घेऊन आले. पवनीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि कागद हातात घेऊनच बाहेर आले. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा निरोप खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, पेसमेकर बसवावा लागेल, इथे थांबूच नका, असं म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये मी ताईंजवळ बसले होते. मनगटावरचा आकडा तिशीतच घुटमळत होता. उमरेडच्या पुढे मला तो बघवेना. घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं.

नागपूरला त्याच दिवशी ठोके चालू ठेवायची तात्पुरती व्यवस्था केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेसमेकर बसवायला आत नेलं. भासरे बाहेर बाकावर बसून होते. आदल्या दिवसापासून पोटात अन्नाचा कण नव्हता. मी चहा आणायला खाली गेले. किती वाजले बघायला पर्समधलं घड्याळ काढून बांधलं, एवढंच. परत येताना लिफ्टसमोर गर्दी, म्हणून जिना चढत निघाले. एका हातात थर्मास, दुसऱ्यात बिस्किटं, रात्रभराचं जागरण. तिसऱ्या मजल्यावर दम लागून थांबले. छातीत धडधड होत होती. घड्याळात पाहिलं.

साठ.

उरलेला मजला चढले. साठ. दारापाशी उभी राहिले, श्वास हळूहळू खाली आला. तरी साठ. एकाने वर नाही, एकाने खाली नाही. माणसाचे ठोके असे राहत नाहीत. बसल्या जागीसुद्धा ते दोन-चाराने हलत असतात. मी त्या आकड्याकडे बघतच होते, तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"शोभाताईंचे नातेवाईक कोण? झालं व्यवस्थित. मशीन बसली, साठवर सेट केली आहे."

भासरे उठून उभे राहिले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. थर्मासमधला चहा मी त्यांच्यासाठी कपात ओतला, पण नजर मनगटावरून हटेना आणि अर्धा चहा खाली सांडला. त्यांना वाटलं, मलाही रडू येतंय.

डिस्चार्जच्या वेळी मी धीर करून डॉक्टरांना सगळं सांगितलं. तरुण डॉक्टर होते, चेष्टा केली नाही त्यांनी. म्हणाले, "मॅडम, व्यायामात ही घड्याळं काहीही दाखवतात. तुमचं चुकीचं दाखवत होतं आणि त्यांची नाडी खरंच कमी होती. योगायोग. पण चांगला योगायोग, असं समजा." मी मान डोलावली. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. घड्याळातला दिवा माझ्या कातडीच्या दोन-चार मिलिमीटर आत बघतो. शेजारून चालणाऱ्या बाईचं हृदय त्याला दिसायचा प्रश्नच येत नाही. तरी त्या साठच्या आकड्याचं मी काय करू?

ह्यांचं म्हणणं वेगळं. रोजच्या सोबतीत ताईंचं थांबणं, दमणं मला कळत होतं, फक्त लक्षात येत नव्हतं. असेलही. पण ते माझ्या मनाचं झालं, घड्याळाला मन कुठे आहे?

ताईंना मी पुष्कळ दिवस काही सांगितलं नव्हतं. लग्न पार पडल्यावर सांगितलं. त्यांनी पापड लाटता लाटता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असन बाप्पा. दोघी एका उंबऱ्याच्या आहोत." पुढे विषय नाही. त्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलंच नाही!

लग्न ठरल्या तिथीलाच झालं. बँडही वाजला. ताई कन्यादानाला बसल्या. डावा हात खांद्याच्या वर न्यायची मनाई होती, म्हणून डोक्यावरचा पदर उजव्याच हाताने सारखा करत होत्या.

आम्ही पुन्हा नहरावर जातो. घड्याळ तेच आहे. नागपूरहून आल्यापासून ताई सोबत असोत की नसोत, ते माझेच ठोके दाखवतं. एकशे चोवीस, एकशे अठ्ठावीस. मी मानेवर बोट ठेवून पडताळते, बरोबर असतात. स्पष्टीकरण तेव्हाही नव्हतं, आजही नाही. कुणा वाचकाला सुचलं तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने वाचीन.

फक्त एक गोष्ट झाली आहे. आता त्या बोलता बोलता गप्प झाल्या की मला मनगटाकडे बघून काही कळत नाही. म्हणून मी थांबते आणि त्यांचा हात धरून नाडी बघते. मशीन आहे, डॉक्टर आहेत, सगळं ठीक आहे हे माहीत असून बघते.

"सोड वं," त्या म्हणतात. "लोक पाहून राहिले."

मी पूर्ण मिनिट मोजल्याशिवाय सोडत नाही.