बाहेरच्या माणसांना परवानगी नाही

साताऱ्यात शनिवार-रविवार जुन्या लष्करी गाड्यांचं प्रदर्शन होतं. भंगारातून आणून तीन वर्षं खपून उभा केलेला माझा ट्रकही मी तिथे नेला होता. शनिवारी दुपारी एक काकू नवऱ्याचा हात धरून आल्या.

"हे फौजेत असलाच ट्रक चालवायचे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार केला, आता मलासुद्धा ओळखत नाहीत. डॉक्टरांनी हात टेकले. जरा आत बसू द्याल का?"

मी दार उघडलं. काका कुणाच्या आधाराशिवाय चढले. स्टिअरिंग हाताशी येताच त्यांची पाठ ताठ झाली, पाय क्लचवर गेला आणि न बघता त्यांनी गिअर टाकला. काकू घाईघाईने दुसऱ्या बाजूने चढून शेजारी बसल्या.

"अहो, मी कोण? सांगा ना!"

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि ते अदबीने म्हणाले, "बाई, खाली उतरा. बाहेरच्या माणसांना गाडीत परवानगी नाही."

काकू उतरल्या. मी नजर फिरवली. गंज खरवडला की खाली मूळचा पत्रा लागतो, एवढंच मला ठाऊक होतं. माणसाच्या आत गिअर शिल्लक राहावा आणि चाळीस वर्षांचा संसार पुसला जावा, हे कोण ठरवत असेल?

रविवारी फाटक उघडायच्या आधीच दोघं येऊन उभे होते.

"आज मी वर चढणार नाही," काकू म्हणाल्या. "खालूनच बघते. काल घटकाभर ते अगदी पूर्वीसारखे दिसत होते हो."