चारशे दाखले आणि एक तुटलेली रेघ

माझ्या मावशीला दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची दांडगी हौस. जिन्यात दोघी बोलत उभ्या असल्या की हिची पावलं आपोआप मंद व्हायची. नशीब असं, की विद्यापीठाने तिला नेमकं तेच काम दिलं. लोक फुकट करतात त्याचा हिला पगार मिळतो, असं आई म्हणायची आणि मावशी ते कौतुक समजायची.

तिची खोली ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला, सायकल स्टँडकडे तोंड करून. कुठल्या संशोधकाच्या लेखाचा दाखला इतर किती जणांनी आपल्या लेखांत दिला ते मोजायचं, आणि कोण कुणाबरोबर काम करतं त्याचा संगणकावर नकाशा काढायचा, हे तिचं काम. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. दोघांनी मिळून लेख लिहिला की दोन ठिपक्यांमध्ये रेघ. लेख वाढले की रेघ जाड. बढतीच्या वेळी हे सगळं समितीपुढे जायचं. समिती आकडा बघायची, मावशी रेघा बघायची. कोणाचं कोणाशी बिनसलंय आणि कोण नव्या साहेबांच्या गोटात शिरलंय, हे तिला कॅन्टीनवाल्याच्याही आधी कळायचं.

एकदा नव्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाची जागा निघाली. अर्ज करणाऱ्यांत गंजवाले सर होते. लोखंड कसं गंजतं यात सगळी हयात घातली, म्हणून हे नाव. निवृत्ती जवळ आलेली, स्वतःची प्रयोगशाळा कधी मिळाली नव्हती, आणि ही शेवटचीच संधी. पण त्यांच्या तरुणपणीच्या एका लेखाला चारशेच्या वर दाखले होते. बाकीचे अर्जदार त्याच्या जवळपासही नव्हते, त्यामुळे जागा सरांच्या खिशातच आहे असं सगळे धरून चालले होते.

मावशीने सवयीने त्यांचा नकाशा उघडला आणि तिथेच अडकली. सुरुवातीला एका ठिपक्याशी, त्याच गाजलेल्या लेखाच्या जोडीदाराशी, चांगली जाडजूड रेघ होती. मग एका वर्षी ती थांबली ती थांबलीच. नंतरचे सगळे लेख सरांनी एकट्याने लिहिलेले. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटल्यावर मावशीला कसली चैन पडते! कुणीच करत नाही ते तिने केलं. दाखले देणारे लेख एकेक करून उघडले आणि त्यांत सरांबद्दल नेमकं काय लिहिलंय ते वाचत बसली. तेवढे दिवस घरी आमच्याशी धड बोललीसुद्धा नाही.

बहुतेक वाक्यं एकाच वळणाची निघाली. ही पद्धत सदोष आहे. या आकड्यांवर विसंबू नये. अशी चूक टाळण्यासाठी आम्ही अमुक केलं. म्हणजे सर गाजले होते ते चुकल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी ती थेट त्यांच्या खोलीत गेली. भिंतभर फळ्या आणि त्यांवर लोखंडी पट्ट्यांचे डबे. कुठून सुरुवात करावी म्हणून ती चाचपडत होती, तर सरांनीच तिची सुटका केली. गंज आम्लाने धुऊन काढायचा, पट्टी तोलायची आणि वजन किती घटलं त्यावरून किती गंजलं ते ठरवायचं, अशी ती पद्धत. पण आम्ल चांगलं लोखंडही थोडं खातं. एक न गंजलेली पट्टी आधी बुडवून बघायला हवी होती, ते सर आणि लेखातला त्यांचा जोडीदार मित्र, दोघंही विसरले. पुढे सरांना शंका आली, त्यांनी तशी पट्टी बुडवली आणि तिचंही वजन घटलं. मित्र म्हणाला, कोण बघतंय, सोडून दे, आपलं नाव यावरच उभं आहे. सरांनी एकट्याच्या सहीने दुरुस्ती छापली. त्या दिवसापासून मित्राने बोलणं टाकलं. त्या दुरुस्तीला दाखले मिळाले तीन. बाकीच्यांनी सरांच्या चुकीची हकीकत एकमेकांच्या लेखांतून उचलली, मूळ दुरुस्ती कुणी उघडूनही पाहिली नाही.

मावशीला फार वाईट वाटलं. अहवालात फक्त आकडा विचारलाय, बाकीचं मी लिहिलंच पाहिजे असं नाही, असं तिने सुचवूनही पाहिलं.

"आकडा लिहा," सर म्हणाले, "आणि तो कशाचा आहे, तेही लिहा."

तिने लिहिलं. आपण त्यांच्या पायावर धोंडा टाकतोय असं तिला रात्रभर वाटत राहिलं.

मुलाखतीला आकड्यांसाठी मावशीलाही बसवलं होतं. समितीच्या अध्यक्षबाईंनी अहवाल बाजूला ठेवला आणि ही चूक पकडली कुणी, असं विचारलं. सर म्हणाले, मीच. मग बाईंनी ती दुरुस्ती मागवली आणि सगळी समिती ती वाचत बसली. इतक्या वर्षांच्या नोकरीत समितीला काही वाचताना मावशीने पहिल्यांदाच पाहिलं. जागा सरांना मिळाली, आणि मावशी आनंदाने बाहेर जाऊन चक्क रडली.

संध्याकाळी सर तिच्या खोलीत आले. ती अभिनंदन करू लागली, पण त्यांचं लक्ष संगणकाकडे होतं.

"त्याचं कसं चाललंय," त्यांनी विचारलं, "ते तुमच्या नकाशात दिसतं का?"

कुणाचं, ते मावशीला लगेच कळलं. तिने मित्राचा ठिपका शोधला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. ठिपक्याच्या चहूबाजूंनी रेघाच रेघा होत्या, बऱ्याचशा अलीकडच्या. सर चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिले.

"एकटा नाही पडला," ते म्हणाले.