समोरची लाकडी जमीन

सुरतेत प्लेग ओसरला तेव्हा घरमालक म्हणाला, "जमिनीच्या फळ्या घासा, नाहीतर झाका." मी लगेच फुलाफुलांचं प्लास्टिकचं कारपेट अंथरलं. समोरच्या खोलीतली बाई मात्र सागाच्या जमिनीला जवसाचं तेल लावत बसली. उकिडवी, खानदेशात सारवतात तशी भिंतीकडून उंबऱ्याकडे मागं सरकत.

मी म्हटलं, "झाकून टाका की, सुटाल."

"झाकीसन काय करू व माय? उघडी जमीन पायले गार लागस."

तिची जमीन चकाकायची आणि माझ्या कपाळाला आठी पडायची. उन्हाळ्यात माझ्या कारपेटला पाय चिकटायला लागले. एका दुपारी माझ्या सासूबाईंनी उशी काखोटीला मारली आणि समोर गेल्या. त्या बाईनं भिंतीकडे सरकून जागा करून दिली. थोड्या वेळानं सासूबाईंचं घोरणं ऐकू आलं. माझ्या घरात त्या इतक्या गाढ कधीच झोपल्या नव्हत्या.