मास्तरांची पोरगी आणि तीन प्रकारची बिअर

आठ माणसं, प्रत्येकापुढे तीन ग्लास. चोवीस ग्लास भरून दहा मिनिटं झाली होती आणि एकही उचलला गेला नव्हता. गव्हाच्या बिअरचा फेस खाली बसला होता. फेस बसला की वास उडतो, आणि मला पगार मिळतो तो त्या वासाचाच. समोर आण्णा मांडीवर हात ठेवून बसले होते, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर पोरं बसतात तसे.

मी पुण्याच्या एका क्राफ्ट बिअर कंपनीत पेअरिंगचं काम बघते. क्राफ्ट बिअर म्हणजे मोठ्या कारखान्यातली नव्हे, छोट्या जागेत थोडी थोडी करून काढलेली. पेअरिंग म्हणजे कुठल्या बिअरबरोबर काय खावं ते ठरवणं. ऐकायला चैनीचं वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर घोट घेऊन थुंकायचं आणि संध्याकाळी एक्सेल शीट भरायची. माझ्या आईला मी फूड कंपनीत आहे एवढंच ठाऊक आहे.

चौसाळ्याच्या पुढे हायवेला दत्ताशेठनं नवं हॉटेल काढलं होतं. परमिट रूम, फॅमिली रूम, बाहेर झोपाळा. त्याला आमच्या बिअरचे तीन नळ बसवायचे होते. जमीन आणि पैसा मात्र त्याच्या चुलत्यांचा, म्हणजे आण्णांचा. आण्णा एकेकाळी जिल्हा परिषदेवर होते आणि अजून निम्मा तालुका त्यांना विचारून शिंकतो. म्हणून रविवारी दुपारी आण्णा आणि त्यांच्या सात मित्रांसाठी पेअरिंग लंच ठेवलं. आण्णांना आवडलं तर ऑर्डर, नाहीतर नाही.

माझं यात काय होतं, तेही सांगते. ‘ही ऑर्डर आण, मराठवाड्याचा एरिया तुझा,’ असं रिया मॅडमनी, म्हणजे माझ्या बॉसनी, सांगितलं होतं. एरिया मिळाला की बीडला खोली घेता आली असती. वडील गेल्यापासून आई दिंद्रुडला एकटी असते. दर आठवड्याला तिच्याकडे जाता यावं, एवढीच माझी इच्छा होती. करिअर वगैरे शब्द मी फक्त अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहिते.

मॅडमनी पुण्यातून मेन्यू पाठवला होता. क्रोस्टिनी म्हणजे भाजलेल्या पावाचे तुकडे, ब्लू चीज, शेवटी टिरामिसू नावाचं इटालियन गोड. आणि आयपीएबरोबर ‘ठेचा शॉट्स’.

मी फोन केला. “मॅडम, आयपीए आणि ठेचा जमणार नाही.”

“का? लोकल कनेक्ट आहे ना.”

आयपीए म्हणजे कडू बिअर. हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे तिला कडवटपणा येतो. तिखटावर कडू प्यायलं की तिखट विझत नाही, उलट भडकतं. हे मी त्यांना सांगितलं.

“मग त्यांना थ्रिल मिळेल,” मॅडम म्हणाल्या. “बीड इज रेडी फॉर थ्रिल.”

बीडला थ्रिलची कमतरता कधीच नव्हती. मी फोन ठेवला. हॉटेलच्या स्वयंपाकीण कौसाबाई, त्यांच्याबरोबर बसून मी मेन्यू बदलला. कौसाबाई पूर्वी दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या, तिथंच तीन दगडांच्या चुलीवर वीस माणसांचं करायला शिकल्या. त्यांना मी तिन्ही बिअरचा वास दिला. त्यांनी पदर नाकाला लावून वास घेतला आणि माझ्यापेक्षा कमी वेळात निकाल दिला. तेलकट कांदाभज्यांबरोबर कडू आयपीए. ठेचा-भाकरीबरोबर गव्हाची, कारण ती गोडसर आणि मऊ असते. भाजलेल्या बार्लीची काळी स्टाउट, तिला कॉफीसारखा वास येतो, ती खव्याच्या पोळीबरोबर.

“आन् मटनाचा रस्सा?” कौसाबाईंनी विचारलं.

“तो मेन्यूत नाही.”

“मेन्यूत नसंल. आण्णा रश्शाबिगर उठत न्हाईत.” त्यांनी पातेलं चढवलं.

सगळं वेळेवर झालं. ग्लास भरले, भजी आली, मी उभी राहून नमस्कार केला. आण्णांनी मान हलवली आणि आपल्याकडे कुठल्याही माणसाला जो पहिला प्रश्न विचारतात तो विचारला.

“कुठल्या म्हनायच्या तुमी?”

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड आहे, क्लायंटशी पर्सनल नातं जोडा. मी जोडलं. “दिंद्रुडची,” मी म्हटलं, जरा अभिमानानंच.

“दिंद्रुडला कुनाची?”

“गोविंद मास्तरांची मुलगी.”

आण्णांचा हात ग्लासकडे निघाला होता तो वाटेतच थांबला. “चौसाळ्याला होते, ते गोविंद मास्तर?”

“हो. सुरुवातीला तिकडेच होते.”

“आरं, ह्या मानसानं मला सातवी पास केलं,” आण्णा मित्रांकडे वळून म्हणाले. “दोनदा नापास झालतो. घरी बसवून घेतलं, येक रुपाया घेतला न्हाई.” मग हळूच त्यांनी तिन्ही ग्लास मनगटानं लांब सरकवले. त्यांचं बघून सातही जणांनी सरकवले. “दत्ता, पानी आन. आन् पोरीला च्या सांग.”

मी म्हटलं, “आण्णा, हे माझं कामच आहे. तुम्ही घ्या ना.”

“मास्तरांच्या पोरीम्होरं? जीभ झडंल की माझी.”

मला गहिवरून यायला हवं होतं. वडिलांचं नाव कुणी असं घेतलं की मला येतंच. पण त्या क्षणी मला फक्त बसलेला फेस दिसत होता. दत्ताशेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, पुन्याच्या हाय म्हनायला काय झालतं तुमाला?” बिचारा स्वतःही चुलत्यासमोर पीत नव्हता. परमिट रूमच्या मालकाची ही अवस्था.

तोडगा कौसाबाईंनी काढला. “ताई, तुमी फ्यामिली रूममंदी जावा आन् पडद्याआडून बोला. दिसलं न्हाई म्हंजे झालं न्हाई.”

नऊ वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ ठिकाणी प्रेझेंटेशन दिलं आहे. पडद्याआडून हे पहिलंच. मी आत गेले, हिरवा पडदा ओढला आणि आवाज चढवला. “आता आधी भजं खायचं, मग कडू ग्लासातला छोटा घोट घ्यायचा. भज्याचं तेल जिभेवरून कसं धुतलं जातं ते बघा.”

पलीकडे ग्लासांचा किणकिणाट झाला. “बोल पोरी, आमी ऐकतोय,” आण्णांचा आवाज आला. मी पाच मिनिटं हॉप्सवर बोलले. मग कौसाबाई पडद्यातून डोकं आत घालून म्हणाल्या, “ताई, कडू संपली. गव्हाची बी संपली. भज्याला कुनी हात लावला न्हाई.”

हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्या भागात प्यायची वेळ वेगळी आणि जेवायची वेगळी. आधी बैठक, मग ताट. ताटावर बसल्यावर ग्लासाला हात लावणं म्हणजे अन्नाचा अपमान. शेंगदाणे तेवढे चालतात, कारण ते अन्नात धरत नाहीत. पेअरिंगचं अख्खं शास्त्र एकाच वेळी खाण्या-पिण्यावर उभं, आणि माझी आठ गिऱ्हाइकं दोन्हींमध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवून बसलेली.

स्टाउट मात्र तशीच होती. काळा रंग बघून कुणी धजत नव्हतं. त्यात ती गोडाबरोबर घ्यायची म्हटल्यावर एकानं विचारलं, “कावून? गोड खाल्लं की उतरती. पैसे देऊन चढवायची आन् पोळी खाऊन उतरवायची व्हय?”

आमच्या ट्रेनिंगमध्ये यावर स्लाइड नाही.

मग रस्सा-भाकरी झाली. ताटात खव्याची पोळी पडली. कौसाबाईंनी काचेचे ग्लास उचलून नेले, स्टाउट स्टीलच्या फुलपात्रांत ओतली आणि आण्णांपुढे ठेवत म्हणाल्या, “काढा हाय आण्णा. जेवन जिरतं.”

काढ्याला ताटावर मनाई नाही. मी पडद्याला कान लावून उभी होते. एक घोट, मग पोळीचा तुकडा मोडल्याचा आवाज, मग लांब दुसरा घोट.

“काढा लई झ्याक हाय,” आण्णा म्हणाले. “खवा तोंडात राहतो, पन जड होत न्हाई. आनखी हाय का गं?”

त्या वाक्यासाठी मी नऊ वर्षं स्लाइड बनवत होते. भाजलेल्या कडवटपणानं खव्याचा जडपणा कापला जातो, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांचं त्यांना कळलं होतं. पडद्याआड मी एकटीच हसत होते आणि खरं सांगते, बाबांची फार आठवण आली.

जाताना आण्णांनी पडद्याकडे तोंड करून हात जोडले. “आईला नमस्कार सांग. काही लागलं तर सांगा. आन् मी पिलो न्हाई बरं का.”

दोन दिवसांनी रिया मॅडमनी बोलावलं. “कमाल केलीस. तीन नळ, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. आणि काढा थाळी काय आहे? क्लायंटला ती परमनंट मेन्यूवर हवी आहे.”

“मग एरिया?”

मॅडमनी खुर्ची जरा फिरवली. “क्लायंटची एक रिक्वेस्ट आहे. आण्णांनी स्वतः फोन केला होता.” त्यांनी कागदावर लिहून घेतलं होतं ते वाचून दाखवलं. “पोरगी लई हुशार हाय. तिला चांगली जागा द्या. फक्त हिकडं दुसरा मानूस पाठवा. ती दर महिन्याला आली तर आमी प्यायचं कवा?”

मराठवाडा कोथरूडच्या निखिलला मिळाला. त्यानं ठेच्याबरोबर आयपीए ठेवली आहे असं ऐकते. मला ‘चांगली जागा’ म्हणून नाशिक दिलं. तिथून दिंद्रुड पुण्यापेक्षाही लांब पडतं. मी खूप चिडले, घरी येऊन रडलेही. भांडायचं कुणाशी, ते मात्र समजेना. सगळ्यांनी माझा मानच राखला होता.

नाशिकला पहिल्याच मीटिंगमध्ये रिसॉर्टच्या मालकांनी खुर्ची पुढे केली आणि प्रेमानं विचारलं, “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

मी म्हटलं, “आधी घोट घ्या, मग सांगते.”