जेवणाच्या सुट्टीतले सौदे

नऊ खाती मी एका दुपारी गोठवली आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. ही चूक मी दोनदा केली. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा पूर्ण शुद्धीत.

मी एका क्रिप्टो एक्स्चेंजच्या रिस्क टीममध्ये काम करतो. एक्स्चेंज म्हणजे डिजिटल नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा मोबाइलवर चालणारा बाजार. ऑफिस पुण्याला आहे. मी माझ्या गावी, इंदिरानगरच्या घरातून लॉग-इन करतो. त्याआधी बरीच वर्षं इथून जवळच, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. तो बंद पडला तेव्हा चाळिशी उलटली होती. कोर्स केला आणि इकडे आलो. कारखान्याचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते माझ्याच विरोधात जातं.

आमच्याकडे लॉयल्टी प्रोग्रॅम आहे. जितकी उलाढाल, तितके पॉइंट. पॉइंट साठले की तुम्ही सिल्व्हर होता, मग गोल्ड. गोल्डला फी कमी लागते आणि दर महिन्याला थोडं रिवॉर्ड जमा होतं. अट एकच, ट्रेडिंग खरं हवं. काही लोक घरातल्या सगळ्यांच्या नावाने खाती काढतात. या खात्यातून विकायचं, त्या खात्यात घ्यायचं. पैसा घरातच फिरतो, उलाढाल मात्र वाढलेली दिसते. याला वॉश ट्रेडिंग म्हणतात. बैलबाजारात आपणच बोली लावून आपलाच बैल विकत घ्यावा, तसं. असली खाती पकडणं हे माझं काम.

त्या दिवशी अलर्ट आला. नऊ खाती, सगळी एकाच वायफायवरून. सौदे दुपारच्या ठरावीक अर्ध्या तासात, बाकी दिवसभर शुकशुकाट. नाणंही एकच, बाजारात फारसं न चालणारं. त्यामुळे एकाने विकलेलं बऱ्याचदा दुसऱ्याच्याच पदरात पडलेलं. आणि आठ जणांनी खातं उघडताना नवव्याचा रेफरल कोड, म्हणजे कोणाच्या ओळखीने आलो त्याचा नंबर, टाकलेला. त्याचं नाव सोपान, राहणार अंबड.

ट्रेनिंगमध्ये वॉश ट्रेडिंगचं उदाहरण दाखवतात, ते हुबेहूब असंच असतं.

आमच्या टीम लीड रोहिणी मॅडमचा कॉल आला. "सर, अंबडची केस अजून ओपन दिसतेय."

"झालीच मॅडम. क्लिअर आहे."

"मग क्लोज करा ना. मागे रांग बघा किती लागलीय."

मी खाती गोठवली, पॉइंट रद्द केले. सिस्टीममधून नऊ जणांना मेल गेले. आठ जणांना गेलेल्या मेलमध्ये लिहिलं होतं, की ज्याच्या रेफरलवरून आपलं खातं उघडलं, त्या खात्याशी संगनमत करून बनावट उलाढाल झाल्याचा संशय आहे. त्यात नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. कोड कोणी दिला, हे आठही जणांना माहीत होतं.

थोड्या दिवसांनी सोपानचं अपील आलं. मराठीत होतं. "साहेब, आम्ही सगळे एका कंपनीत कामाला आहोत. फोन आत न्यायला बंदी आहे. लॉकरला टाकावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत मिळतो. तेव्हा सगळे कॅन्टीनच्या वायफायवर ट्रेडिंग करतो. ज्याचा पैसा त्याचा आहे. पाहिजे तर गेटवर विचारा."

मी ते पूर्ण वाचलं. माझाही फोन वर्षानुवर्षं तसल्याच लॉकरमध्ये असायचा. किल्ली आयकार्डाच्या दोरीला. सुट्टी झाली की आधी लॉकरकडे पळायचं, मग हात धुवायचे. एका हातात पोळी, दुसऱ्यात फोन. सौदे त्याच अर्ध्या तासात का झाले, हे आमच्या सगळ्या टीममध्ये एकट्या मला न विचारता कळायला हवं होतं. अपील वाचताना ते कळलंच.

पण आमच्याकडे अपील आधी मूळ रिव्ह्यू करणाऱ्याकडेच येतं. त्याने स्वतःचा निर्णय फिरवला, की त्याच्या नावावर एरर लागते. माझ्या नावावर आधीच एरर होत्या. आणखी एक लागली असती, तर मला सुधारणा योजनेत टाकलं असतं. नाव चांगलं आहे, पण त्यातून बहुतेक लोक बाहेरच्या दारानेच जातात. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसाला तिसरी नोकरी कोण देणार?

मी टाइप केलं, "पुरावा अपुरा. निर्णय कायम." आणि सबमिट केलं.

पुढचे काही आठवडे मी ती केस विसरलो, असं म्हणायला आवडलं असतं. विसरलो नव्हतो.

एका रविवारी भाजीबाजारात आहेर भेटला. कारखान्यातला जुना सोबती. आता अंबडला दुसऱ्या प्लँटवर सुपरवायझर आहे.

"तू त्या क्रिप्टोवाल्यांकडेच ना रे?" त्याने विचारलं. "आमच्याकडे त्याच्यावरून मोठं कांड झालं. सोपान म्हणून आहे, सीएनसी मशीनवर. कामगारांच्या पतसंस्थेचा खजिनदार होता."

"होता म्हणजे?"

"काढला. पोरांची खाती अडकली, तेवढ्यात त्या नाण्याचा भाव कोसळला. विकताही येईना. सगळे याच्यावर उलटले. म्हणे आमची कागदं लावून यानेच मागून बनावट खाती काढली आणि पॉइंट खाल्ले. इथे असं करतो, तर पतसंस्थेत काय करत असेल? टेबलावर कोणी जवळ बसू देईना. पार्किंगला एकटा डबा खायचा. आता तर त्याने कायमची रात्रीची थर्ड शिफ्टच मागून घेतलीय."

"खरंच केलं असेल त्याने?" मी विचारलं. हा प्रश्न विचारताना मला माझी लाज वाटली.

"मला काय माहीत? पण मेल आलाय म्हणजे काहीतरी असेलच ना. तिथे शिकलेली माणसं बसलेली असतात, उगाच कशाला लिहितील?"

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पिशवी उचलली आणि मेथी न घेताच घरी आलो.

सोमवारी मी रोहिणी मॅडमना सगळं सांगितलं.

त्यांनी केस उघडून सोपानचं अपील वाचलं. "अपील आलं तेव्हा तुम्हाला हे कळलं होतं?"

"हो."

"सर, हे लेखी द्यावं लागेल."

दिलं. खाती सुरू झाली, पॉइंट परत जमा झाले. मी सुधारणा योजनेत गेलो, अजून तिथेच आहे. नऊ जणांना मेल गेला, "पुनर्तपासणीनंतर आपलं खातं पूर्ववत करण्यात आलं आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." चूक आमची होती, एवढं एक वाक्य घाला, असं मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "लीगल टीम ते जाऊ देणार नाही."

मला वाटलं, निदान सोपानचं नाव धुऊन निघालं. आहेरला फोन केला.

"खाती सुरू झाली रे," तो म्हणाला. "पण आता पोरं म्हणतात, सोपाननं वर सेटिंग केली. चोरी पचवली."

मी मॅडमना सांगितलं, की त्या माणसाला भेटायला जातोय. ग्राहकाला परस्पर भेटणं आमच्या नियमात बसत नाही. त्या म्हणाल्या, "हे मी ऐकलेलं नाही."

आहेरकडून पत्ता घेऊन अंबड गावात गेलो. थर्ड शिफ्ट करून सोपान झोपला होता, बायकोने उठवलं. माझ्याच वयाचा माणूस. खाटेवर बसून त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"लॉकरचं लिहिलं होतं मी," तो म्हणाला.

"वाचलं होतं."

"तुम्हीच?"

"मीच."

"मंग?"

"नोकरी जाईल म्हणून घाबरलो."

त्याने डोळे चोळले. "आमची पैज लागली होती, आधी गोल्ड कोण होतो त्याची. जो होईल त्यानं सगळ्यांना मिसळ चारायची. लय काय मोठं नव्हतं ओ ते."

मी हात जोडले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने मला थांबवलं.

"मला कशाला सांगता? मी काय केलं नाय, हे मला ठावंच हाय. कॅन्टीनला जाऊन सांगा."

"तुम्ही याल सोबत?"

"मी आलो तर म्हणतील, भाड्यानं आणलाय."

त्याचं बरोबर होतं. ज्याच्यावर आळ घेतला, त्याच्यासमोर हात जोडणं त्या मानाने सोपं असतं. ज्यांनी तो आळ खरा मानला, त्यांच्यासमोर उभं राहायला पाय उचलत नाहीत. मेल आम्ही सगळ्यांना पाठवतो आणि माफी एकाचीच मागून मोकळे होतो, इतकंच मी यातून शिकलो.

खजिनदारपद सोपानला परत मिळालेलं नाही. तो अजूनही थर्ड शिफ्टलाच आहे. पुढचं लिहितोय ते शेवट गोड झाला म्हणून नाही.

बाहेरच्या माणसाला कॅन्टीनमध्ये सोडत नाहीत. म्हणून आहेरने जेवणाच्या सुट्टीत त्या आठ जणांना गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. सहा आले. प्रत्येकाच्या हातात नुकताच लॉकरमधून काढलेला फोन होता. मी का बोलावलंय, हे आहेरलाही माहीत नव्हतं.

"तुम्ही सोपानचे कोण?" एकाने विचारलं.

"कोणीच नाही."

"मग त्याची वकिली कशाला?"

"वकिली नाही. तो मेल पाठवणारा माणूस मी आहे."

आहेरने चहाचा ग्लास खाली ठेवला. मीच पुढे बोललो.

"तुमची खाती मी बंद केली. सोपानने काहीही केलेलं नव्हतं. त्याने मला खरं ते लिहून कळवलं होतं. ते खरं आहे हे मला कळलं होतं, कारण माझाही फोन असाच लॉकरमध्ये असायचा. तरी मी ते नाकारलं, स्वतःची नोकरी वाचवायला. त्याने सेटिंग केलेली नाही. तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं, आणि तुम्ही त्याला चोर म्हणालात तेही माझ्यामुळे. मी तुमची माफी मागतो. त्याची मागायला गेलो होतो, तर त्याने मला इकडे पाठवलं."