आवणीची तिसरी लेव्हल

धसईजवळच्या पाड्यावरची मनस्वी मुरबाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा अभ्यास फार हंगामी आहे. एरवी पुस्तकाकडे ढुंकून न पाहणाऱ्या या मुलीला भाताची आवणी सुरू झाली, की नेमक्या असाइनमेंट आठवतात. आई गिरजा चिखलात रोपं लावत असते आणि लेक पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेली असते. गिरजाला यातलं काही कळत नाही, असा मनस्वीचा समज आहे. असू दे बापडीचा.

लॅपटॉपवर ती गेम बनवते. लिंक उघडायची आणि लगेच खेळायचं, डाउनलोडबिउनलोड काही नाही, असे छोटे गेम. पाड्यावर रेंज धड नाही, म्हणून अपलोड करायला धसईच्या एसटी स्टँडवर जावं लागतं. तिचा पहिला गेम सात वेळा खेळला गेला. त्यातल्या तीन वेळा ती स्वतःच होती.

या उन्हाळ्यात केलेल्या 'आवणी'ने मात्र कमाल केली. डोक्यावर पावसाचं इरलं घेतलेली बाई खाचरात रोपं लावत पुढे जाते. लावलेल्या रोपांमधून नागमोडी वाट काढायची. पाय पडला, की रोप गेलं. कुठल्या कुठल्या देशांतले लोक खेळले. एकाने लिहिलं, तिसऱ्या लेव्हलला घाम फुटला. मनस्वीने गेमखाली इंग्रजीत ऐटीत लिहून ठेवलं होतं, की हा शेतकऱ्याच्या मुलीने बनवलाय आणि ती लहानपणापासून दर पावसाळ्यात आवणी करते.

एवढं कौतुक झालं, तरी तिचं मन काही भरेना. हे खरं झालंय, असं एकदा आईने म्हणावं, म्हणजे पडवीत बसून काढलेल्या सगळ्या पावसाळ्यांचं सार्थक होईल, असं तिला मनापासून वाटत होतं. म्हणून जुलैत एक दिवस ती भाकरी घेऊन बांधावर गेली, फोनसकट. गिरजा आणि शेजारची सकुबाई हात धुऊन जेवायला बसल्या होत्या.

गिरजाने फोन हातात घेतला, दोन रोपं लावली आणि थांबली. मग स्क्रीनवर बोट फिरवत काहीतरी शोधू लागली.

"काय झालं गो आई?"

"मागं जायाचं बटण कुठं हाय?"

"मागं नाय जायचं. पुढं जायचं."

"पुढं?" गिरजाने लेकीकडे पाहिलं. "पुढं गेली तर लावलेलं तुडवंल ना बाई. आमी मागं मागं सरत लावतो. जलमभर तेच करतो."

"तेच तर अवघड आहे त्यात! लोकांना तेच आवडलंय!"

"आपलंच लावायचं नि आपणच तुडवायचं," सकुबाई म्हणाली. "लोकांना आवडंल नाय तर काय! त्यांचं काय जातंय!"

गिरजा हसली नाही. तिने विचारलं, "नि हे खाली काय लिवलंस?"

मनस्वीने आढेवेढे घेतले, पण शेवटी ते मराठीत सांगावं लागलं. सकुबाईचा घास तोंडातच राहिला. गिरजाने शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला.

"मंग उद्या ये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मनस्वी खाचरात उतरली. ती मागे सरताना दोनदा चिखलात बसली. तिची रोपं घटकाभर उभी राहायची आणि मग पाण्यावर तरंगायची. गिरजा ती उचलून पुन्हा खोचायची. दुपारपर्यंत मनस्वीची कंबर अशी धरली, की जेवायला वाकूनच गेली. इतकी वर्षं आई हे करत होती आणि आपण पडवीतून हाक मारून चहा मागत होतो, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात तिने गेम बदलला. आता बाई मागे सरत लावते. अवघड आहे ती कंबर: एक पट्टी लाल होत जाते आणि पूर्ण लाल झाली, की 'बसा' असं बटण येतं. जुने खेळणारे चिडले. मजा गेली म्हणाले. मनस्वीने फोन पुन्हा आईपुढे धरला.

गिरजा एक आख्खी रांग खेळली. पट्टी लाल झाली, बटण आलं.

"हे काढ," ती म्हणाली. "अशी मधीच बसली तर रांग मोडते. बाकीच्या बायांनी काय करायचं?"

"मग कंबर दुखली तर?"

"बोलायचं. सकुबाई कशाला हाय शेजारी?"

मनस्वीने बटण काढलं. आता पट्टी लाल झाली, की शेजारी एक जाडजूड बाई येते आणि अखंड बडबडते. पट्टी हळूहळू उतरते. सकुबाईने आपलं चित्र पाहिलं आणि जाडीवरून अर्धा तास भांडली.

"आता खरं वाटतं," गिरजा म्हणाली. मनस्वीचा चेहरा फुलला. तेवढ्यात गिरजाने बोट खाली नेलं. "नि ही ओळ?"

"बदलली. 'एक दिवस आवणी केली आहे,' असं लिहिलंय."

गिरजाने फोन परत दिला आणि कोनाड्यातलं दुसरं इरलं काढून लेकीपुढे ठेवलं.

"दोन दिवस लिव. सकुबाई आपल्या खाचरात राबली, उद्या आपण तिच्या खाचरात जायाचं."